शनिवारी येणारी गादी

अकोल्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने मला एक तपासणी शिकवली. तिला कुठलंही यंत्र लागत नाही. माणसाला कुशीवर वळवायचं, माकडहाडावरच्या लाल जागेवर बोट दाबायचं, तीनपर्यंत मोजायचं आणि बोट उचलायचं. दाबलेली जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ आहे. बोट उचलल्यावरही ती लालच राहिली, तर आतून बिघडायला सुरुवात झालेली आहे, वरून कातडी कितीही धड दिसो.

मी ते वहीत लिहून घेतलं. माझी प्रत्येक कामाची वेगळी वही असते. या वहीवर फक्त ‘दादा’ असं लिहिलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दर्यापूरपासून बारा किलोमीटरवर आमचं गाव आहे, तिथे तो आणि वहिनी शेती करतात. त्या हंगामात कापसाने भरलेल्या ट्रॉलीवर उभा राहून तो पायाने कापूस दाबत होता आणि मागच्या मागे खाली आला. आयुष्यभर केलेलं काम होतं ते. मणक्याला मार बसला. अकोल्याला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखाली हालचाल राहिली नाही आणि जाणीवही राहिली नाही. चिमटा काढला तरी त्याला कळत नसे. पहिले काही दिवस आम्ही सगळे त्या हालचालीसाठीच रडलो. जाणीव गेली याचा अर्थ काय, ते सिस्टरने सांगेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण अंग दुखतं,” ती म्हणाली. “यांना दुखणारच नाही. एकाच जागी वजन पडून राहील आणि कातडी सडेल, तरी हे गप्पा मारत असतील.”

दवाखान्यात त्याच्याखाली एअर बेड होता. प्लॅस्टिकच्या गादीत आडव्या नळ्या असतात, पलंगाच्या पायथ्याशी छोटा पंप गुरगुरत असतो. काही मिनिटं एकाआड एक नळ्या फुगतात, मग त्या बसतात आणि उरलेल्या फुगतात, म्हणजे वजन एका जागी राहत नाही. सोमवारी डॉक्टर म्हणाले, शनिवारी घरी न्या. सिस्टरने मला बाजूला घेऊन क्रम सांगितला. आधी घरी गादी लावा, मग माणूस न्या. उलटं करू नका.

हे वाक्यही मी वहीत लिहिलं, त्याखाली दोनदा रेघ ओढली.

दवाखान्यासमोरच रुग्णसाहित्याचं दुकान होतं आणि तिथे तशी गादी काचेआड उभी करून ठेवली होती. मी चौकशी केली. दुकानदार पन्नाशीचा, डोळ्यांवर चष्मा, हातात चहाचा कप. त्याने सांगितलेला भाव ऐकून मी मनात म्हटलं, दवाखान्यासमोरची दुकानं अशीच असतात, घाईत असलेला माणूस हेरतात. मी अमरावतीला एका कॉलेजात भांडारपाल आहे. प्रयोगशाळेच्या काचसामानापासून खडूपर्यंत सगळी खरेदी माझ्या हातून जाते. तीन ठिकाणचे भाव घेतल्याशिवाय मी टाचण्यांचं पाकीटही घेत नाही. तेव्हा संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी फोनवर सात गाद्या पाहिल्या, तक्ता केला, वजनाची मर्यादा, पंपाची हमी, लोकांनी लिहिलेल्या तक्रारी, सगळं. त्यातली एक निवडली. ‘शनिवारपर्यंत मिळेल’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं. पत्ता गावाचा दिला आणि फोन नंबर वहिनीचा, कारण घरी तीच असणार होती.

त्या ‘पर्यंत’कडे मी वचन म्हणून पाहिलं. कॉलेजात पुरवठादाराला आम्ही तारीख घालून देतो आणि ती चुकली तर त्याच्या बिलातून कापतो. इथे तारीख समोरच्याने घातली होती, आणि ती चुकली तर काय, हे मी कुठे वाचलंच नव्हतं. त्या पानाचा फोटोही काढून ठेवला नाही. आठवड्याने जेव्हा मला ती हिरवी अक्षरं दाखवायची होती, तेव्हा त्या जागी दुसरीच तारीख होती.

शुक्रवारी रात्री फोनवर आलं, ‘आपली ऑर्डर निघाली आहे.’ मी वहीत ‘निघाली’ असं लिहिलं आणि शनिवारी सकाळी दवाखान्याच्या कागदांवर सह्या केल्या. सिस्टरने विचारलं, गादी पोचली ना? मी म्हटलं, आज पोचते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळली. तिच्यापुढे आणखी अकरा खाटा होत्या.

अँब्युलन्समध्ये दादा खुशीत होता. तो मला लहानपणापासून मुनीमबाई म्हणतो. मी पुन्हा वही उघडलेली पाहून म्हणाला, “मुनीमबाई, माह्या पाठीचंबी स्टॉक रजिस्टर ठेवून राहिली का?”

घरी आम्ही त्याला दोन कापसाच्या गाद्या एकावर एक टाकून झोपवलं. वरची वहिनीने मुद्दाम नव्या कापसाची भरून घेतलेली होती, मऊ, उबदार. दादा म्हणाला, हीच बरी, ती रबराची कायले पाहिजे. मी भिंतीवर तक्ता चिकटवला: दर दोन तासांनी उजवी, पाठ, डावी, प्रत्येकापुढे खुणेची चौकट. मग दुपारभर ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहिले. संध्याकाळची जीप आली, माणसं उतरली, एक पत्र्याचा डबा उतरला, जीप गेली.

मी फोनवर ती ‘निघाली’ची नोंद नीट उघडून पाहिली. खाली बारीक अक्षरांत होतं: पत्त्याची चिठ्ठी तयार झाली, माल अजून कुरियरकडे आलेला नाही. म्हणजे चिठ्ठी निघाली होती, गादी निघाली नव्हती. भांडारात कुणी मला अशी पावती दाखवली असती तर मी ती परत केली असती. इथे मी तिच्या भरवशावर माणूस घरी आणला होता.

रविवारी काही हललं नाही. सोमवारी मला कॉलेजात हजर व्हायचं होतं, म्हणून रविवारी संध्याकाळीच निघाले. जाताना वहिनीला बोटाची तपासणी करून दाखवली, तिच्याकडून करवून घेतली, आणि रोज सकाळी फोन करायला सांगितलं. वहिनी धीराची बाई. तिने रुपयाएवढ्या लाल जागेवर बोट दाबलं, उचललं, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “पांढरं होते, ताई.”

सोमवारचा फोनही तोच होता. पांढरं होते. पण लाल जागा आता रुपयाएवढी नव्हती, पुरीएवढी होती.

त्या दुपारी मी ऑर्डर रद्द करायला घेतली. बटण दाबलं, कारण निवडलं, आणि पाच मिनिटांत एका अनोळखी नंबरवरून फोन आला. गादी विकणारा होता. हिंदीत बोलत होता, आवाज अदबीचा. “दीदी, कॅन्सल मत कीजिए, माल पॅक रखा है. परसों आपके घर में होगा, मेरी जबान है.” दोन मुलांची शपथ घेतली. मला त्याचं खरं वाटलं असं नाही. पण नवी ऑर्डर म्हणजे पुन्हा चार दिवस, आणि हा परवा देतो म्हणत होता. मी रद्द केलेलं मागे घेतलं. स्क्रीनवर एक चौकट उघडली, तिच्यात बुधवार लिहिला होता, खाली ‘मान्य’. मी मान्य केलं. नंतर कळलं की त्या एका स्पर्शाने माल उशिरा आल्याची माझी तक्रार संपली. नोंदीप्रमाणे आता बुधवार हीच ठरलेली तारीख होती आणि ती मीच मान्य केली होती. आणि त्याची जबान फोनवर दिलेली, तिचा लेखी पुरावा कुठेच नव्हता. त्या ॲपमधल्या संदेशांच्या जागेत बोलला असता तर निदान शब्द उरले असते. म्हणूनच तो तिथे बोलला नाही.

आता मला कुणीही विचारेल, आणि मी स्वतःला रोज विचारते: त्या सोमवारी अमरावतीत एखाद्या दुकानातून दुसरी गादी का घेतली नाही? पैशांचा प्रश्न नव्हता. उत्तर सांगायला लाज वाटते. भांडारात बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाताला एक वळण लागतं. एका मागणीवर दोन खरेद्या करायच्या नाहीत. पहिला आदेश रद्द झाल्याची नोंद असल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, नाहीतर लेखापरीक्षणात तो आक्षेप वर्षानुवर्षं निघतो. मी कितीतरी प्राध्यापकांना या नियमावर परत पाठवलं आहे. त्या आठवड्यात दादाची पाठ एका बाजूला होती आणि माझ्या डोक्यात ‘आदेश प्रलंबित’ हे दोन शब्द. कुणी अडवलं नव्हतं मला. मीच माझ्या खिडकीत बसून मला परत पाठवलं.

मंगळवारी वहिनी म्हणाली पांढरं होते, पण लवकर परत येत नाई. मी विचारलं, तक्त्याप्रमाणे कूस बदलता ना? ती म्हणाली हो. कापूस वेचणीचे दिवस होते, घरात दुसरं माणूस नाही, दुपारी शेतात वजन करून मजुरांना सोडावं लागे. मी पुढे विचारलं नाही.

बुधवारी माल ‘अमरावतीच्या केंद्रात पोचला’. मी अमरावतीतच होते. ते केंद्र औद्योगिक वसाहतीच्या मागे कुठेतरी होतं. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. लोखंडी फाटकाआड खोक्यांची रास छतापर्यंत. फाटकावरच्या माणसाने सांगितलं, इथून माल हातात देत नाही, पत्त्यावरच जातो. मी त्या राशीकडे पाहत उभी राहिले. त्यातलं एक खोकं दादाचं होतं. विनंती केली, मग आवाज चढवला, मग पुन्हा विनंती केली. तो वाईट वागला नाही. म्हणाला, बाई, उद्या जाईल.

गुरुवारी सकाळी फोनवर आलं, ‘आज मिळेल’. दुपारी एक वाजता आलं, ‘मिळाली. धन्यवाद.’

मी ताबडतोब वहिनीला फोन लावला. लावली का गादी? ती म्हणाली, “येऊन राहिली ना. सायंकाळच्या जीपनं येते. म्या कोड सांगतला.”

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या गावापर्यंत कुरियरचा माणूस येत नाही. रस्ता खराब, पार्सलं दोन-चार, त्याला परवडत नाही. तो दर्यापूरच्या जीप स्टँडवरून फोन करतो, ज्याचं पार्सल आहे तो फोनवर आलेला कोड वाचून दाखवतो, आणि पार्सल स्टँडजवळच्या किराणा दुकानात राहतं. तिथून गावची जीप ते टपावर टाकून आणते. मोबाईलची कव्हरं, साड्या, फवारणी पंपाचे वायसर, सगळं असंच येतं. वर्षानुवर्षं एकही वस्तू गहाळ नाही. कोड मागणारा माणूस ओळखीचा, दुकानदार ओळखीचा, जीपवाला तर भाऊबंदांतला. कोड देणं म्हणजे सही करणं आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही. वहिनीला मी नंबर कशासाठी दिलाय ते सांगितलं होतं, तपासणी सांगितली होती, तक्ता सांगितला होता. खोकं हातात येईपर्यंत कोड सांगू नका, हे सांगायचं राहिलं. माझ्या यादीत ती ओळच नव्हती.

संध्याकाळची जीप आली. टपावर खताच्या गोण्या होत्या.

शुक्रवारी सकाळी सहाला फोन वाजला.

“ताई,” वहिनी म्हणाली, “होत नाई.”

“काय होत नाई?”

“पांढरं होत नाई. म्या तीनदा दाबून पाह्यलं. बोट उचलते तं तसंच राह्यते, जांभळं. ह्याईले सांगतलं नाई.”

मी साडेसहाची बस पकडली. अमरावतीहून दर्यापूरचा रस्ता मला पाठ आहे, पण त्या सकाळी तो संपेना. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटी, कुठे अजून पांढरे ठिपके. मी वही उघडून काय करायचं ते लिहिलं, आणि पहिल्या ओळीपुढे काहीच सुचलं नाही. पहिली ओळ होती: गादी, आज.

दर्यापूरच्या स्टँडवर किराणा दुकानदाराने हात वर केले, माझ्याकडे काल काहीच ठेवलं नाही म्हणाला. कुरियरवाला तासाभराने आला. चाळिशी ओलांडलेला, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पोती. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मान खाली घातली नाही किंवा आवाजही चढवला नाही. फोन काढून मला यादी दाखवली. आमच्या गावाचं नाव, पुढे हिरवी खूण.

“मॅडम, ते काल माह्या गाडीत आलंच नाई. मोठं खोकं, अमरावतीच्या गाडीत जागा नसन. पण नोंद माह्या नावावर पडली.”

“मग कोड काहून घेतला?”

“उशीर झाला का वरून फोन येते. आजच्या आज बंद करा म्हणते. आमी बंद करतो, माल दोन दिसानं येते, आमी देऊन देतो. कोणाचं काई राह्यलं का आजपर्यंत? इच्यारा यायले.” त्याने दुकानदाराकडे हात केला आणि दुकानदाराने मान डोलावली. “साडी दोन दिसानं आली तं काय होते मॅडम? म्या काय जाणो याच्यात काय होतं.”

ते खरं होतं. खोक्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं.

मी विक्रेत्याला तिथूनच लिहिलं, या वेळी ॲपमध्येच. उत्तर लगेच आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा लगेच: नोंदीप्रमाणे माल ग्राहकाच्या कोडने दिलेला आहे. ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची मुलगी सभ्यपणे बोलली, तक्रार घेतली, क्रमांक दिला, आणि पुरावे मागितले. पहिल्या तारखेचा फोटो आहे का? नाही. विक्रेत्याशी झालेलं बोलणं लेखी आहे का? नाही. बदललेली तारीख कुणी मान्य केली? मी. कोड कुणी दिला? आम्ही. प्रत्येक उत्तराबरोबर ती टाइप करत होती. हा चौकशीचा नमुना मला ओळखीचा वाटला. टेबलाच्या त्या बाजूला बसून मीही असंच विचारते.

अकोल्याची बस लागली होती. मी चढले.

दवाखान्यासमोरच्या दुकानात काचेआडची जागा रिकामी होती. त्याच दुकानदाराने मला ओळखलं. म्हणाला, काल शेवटची गेली, दुसरी सोमवारी येईल. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, पेशंट कसा आहे? मी सांगितलं, बोटाचं सांगितलं. त्याने भाव काढला नाही, टोमणा मारला नाही. दोन ठिकाणी फोन केले आणि म्हणाला, जुन्या शहरात माझ्या साडूकडे एक पडली आहे, मोर्णा नदीच्या पलीकडे, रिक्षा आत जाणार नाही, पायी जा, तोवर मी त्याला खोकं खाली उतरवायला सांगतो.

मी पूल ओलांडून गेले. गल्ल्या एवढ्या अरुंद की हातगाडी आली की भिंतीला टेकून उभं राहायचं. साडूने खोकं दारातच ठेवलं होतं. मी ते तिथेच फोडायला लावलं, पंप प्लगला लावून चालवून पाहिला, नळ्या मोजल्या, पावतीवर पंपाचा क्रमांक लिहून घेतला. साडू म्हणाला, ताई, लई बारकाईनं पाह्यता तुमी. मला त्या वेळी त्याच्यावर राग आला. त्याचा काही दोष नव्हता.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. जीपवाल्याने खोकं टपावरून उतरवलं. वहिनी अंगणात उभी होती, डोळे सुजलेले. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, “म्या कोड द्याले नोको होता.”

मी म्हटलं, मी सांगितलंच नव्हतं. हे मी तिला समजूत घालायला म्हटलं नाही. तसंच होतं.

आत गेल्यावर मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. सगळ्या चौकटींत खुणा होत्या. पण दुपारच्या खुणा, सोमवार ते गुरुवार, एकाच दाबाच्या, एकाच तिरक्या वळणाच्या होत्या. एका बैठकीत केलेल्या नोंदी मला लांबूनही ओळखू येतात. रोज दुपारी चार तास दादा पाठीवर पडून होता आणि वहिनी शेतात वजनकाट्यापाशी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तक्ता काढला, नवा लावला. यावर आम्ही आजवर बोललो नाही. तिच्या खोट्या खुणा आणि माझा खरा नियम, दोन्हींचा भार एकाच जागेवर पडला होता.

आम्ही गादी लावली. पंप सुरू झाला. दादा म्हणाला, “आली का शेवटी? लई वाट पाह्यली हिची. काई खास तं वाटून नाई राह्यलं.” त्याला काही वाटणारच नव्हतं.

मी बोट दाबलं. तीनपर्यंत मोजलं. उचललं. जागा जांभळी होती, तशीच राहिली, आणि कडेला कातडी ओल्या कागदासारखी सरकली. वहिनीने तोंडाला पदर लावला. मी पट्टी घेऊन लांबी-रुंदी मोजली आणि वहीत लिहिली, वेळेसह. आणखी काय करावं ते मला कळत नव्हतं.

दोन दिवसांनी कातडी सुटली. पुन्हा अकोला. डॉक्टरांनी दाखवलं की वरून दिसतं त्याच्या दुप्पट आत पोखरलं आहे. सिस्टर तीच होती. तिने मला क्रमाबद्दल काही विचारलं नाही, ड्रेसिंग करताना ट्रे धरायला लावलं, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दोन वेळा साफ करावं लागलं. ताप आला, उतरला, आला. एक आठवडा असा गेला की डॉक्टर आमच्याशी उभ्याउभ्याने बोलत. त्यानंतर दादा घरी आला, या वेळी गादीनंतर.

ऑनलाइन मागवलेली गादी पाचव्या आठवड्यात आली. कुणी फोन केला नाही, कोड मागितला नाही. जीपवाल्याने खोकं अंगणात ठेवलं आणि म्हणाला, दुकानात पडून होतं, तुमचं नाव दिसलं. मी नेमकी गावी होते. खोकं एका कोपऱ्यात चेपलेलं. मी वहिनीला फोन धरून चित्रण करायला लावलं आणि मग चिकटपट्टी कापली. आत गादी होती, पंप होता, माहितीपत्रक होतं. कुठेही खोट नव्हती. परत करण्याची मुदत ‘मिळाली’ची नोंद पडली त्या दिवसापासून मोजलेली होती आणि कधीच संपली होती.

दादा खिडकीशी डाव्या कुशीवर होता. पाठीवर झोपायला त्याला आता मनाई आहे. त्याने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मुनीमबाई,” तो म्हणाला, “मोजून घ्या. मंग सही करा.”

तो हसला नाही. मीही नाही.

ती गादी आम्ही ठेवून घेतली. नळीला भोक पडलं तर लागेल म्हणून पलंगाखाली आहे. आता कुठलीही वस्तू मागवण्याआधी मी वहीत एकच तारीख लिहिते: हिच्यानंतर आली तर उपयोग नाही. ती तारीख विक्रेत्याने लिहिलेल्या तारखेशी जुळवायची नाही. त्या दिवशी सकाळी वस्तू दारात नसेल तर मी ऑर्डर रद्द करते, कुणाचा फोन उचलत नाही, नवी तारीख मान्य करत नाही, आणि दुकानात जाते. पानाचा फोटो पहिल्याच मिनिटाला काढते. आणि जी वस्तू अंगाखाली, औषधात किंवा श्वासात लागणार आहे, ती वाटेवर असताना दुसरी घेतली तर घेतली. तो आक्षेप मी माझ्या नावावर घेते. गावात आता कोड फोनवर कुणी सांगत नाही असं मात्र नाही. परवाच शेजारणीने ओट्यावर बसून चार आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मी उठून गेले, पण तोवर तिने फोन ठेवला होता.

जखम अजून पूर्ण भरलेली नाही. उन्हाळा गेला. सतत कुशीवर राहून दादाच्या डाव्या खुब्यावर गेल्या रविवारी एक लाल ठिपका दिसला, वाटाण्याएवढा. पंप चालू होता, तक्ता खरा भरलेला होता. वहिनीने आवाज दिला, मी हात धुऊन आले. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि यंदाच्या पेरणीबद्दल काहीतरी सांगत होता. मी बोट दाबलं, तीनपर्यंत मोजलं, उचललं.

पांढरं झालं. आम्ही दोघी वाकून पाहत राहिलो. लाल परत यायला वेळ लागत होता.